हद्दीबाहेरची शेरी

"हा मासा वारला कधी?" असा प्रश्न आत्माराम तोंडवळकरांनी रविवारच्या जेवणात ताटातली सुरमईची तुकडी उलटीपालटी करत विचारला नसता, तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं.

प्रश्न तसा सुनेला नव्हता. मालवणजवळच्या पोस्टात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला पाकिटावरची तारीख बघायची सवय असते, आणि ही सुरमई पाकिटातून आली होती, एवढंच. पण सून, म्हणजे संध्या, हिनं आमटीची वाटी जरा मोठ्यानं टेकवली. मुलगा यतीन यानं ताटात मान घातली. आणि समोर बसलेले बाबाजीराव, जे संध्याचे वडील, म्हणजे आत्मारामांचे व्याही, आणि जे दोन महिन्यांच्या व्हिजावर लेकीकडे आले होते, ते कोंबडीचं हाड चोखता चोखता म्हणाले, "पाव्हणं, मासा जिता काय न् मेलेला काय. मासा म्हंजी पान्यातली भाजी."

आत्मारामांनी तुकडी खाली ठेवली.

तोंडवळीच्या खाडीवर आत्मारामांची एक जागा होती. त्या जागेवरच्या खडकाला गाव 'मास्तरांचो धोंडो' म्हणायचं. पोस्ट बंद झालं की मास्तर गरी घेऊन धोंड्यावर, हे गावाला इतकं ठाऊक होतं की तातडीच्या मनीऑर्डरीच्या पावत्या काहींनी तिथंच सही करून घेतल्या होत्या. अशा माणसाला शारजात, अल नहदातल्या चौदाव्या मजल्यावर येऊन आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत त्याच्याकडे सोपवलेली कामं तीन: कुरिअर घेणं, लिफ्टजवळ नातीच्या स्कूल बसची वाट बघणं आणि एसीच्या रिमोटला हात न लावणं.

"बाबाजीराव," आत्माराम शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, "तुम्ही आयुष्यात काय मारलंत?"

"डुकरं," बाबाजीराव म्हणाले. पाटणच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. तरुणपणी पिकात शिरणाऱ्या डुकरांसाठी सरकारी परवाना मिळायचा, तेव्हा गावच्या टोळीत ते असत. बंदूक दुसऱ्याची असे, पण ती तपशिलाची बाब. "पाच-पाच मैल माग काढायचा. वारं बघायचं. हाका घालायचा, आरडून जनावर पुढं काढायचं. त्याला शिकार म्हंत्यात. तुमचं काय, दोरी सोडली न् बसलं."

"दोरी सोडून बसायला अक्कल लागते."

"बसायला?"

इथं संध्यानं विषय बदलायचा म्हणून सांगितलं की येत्या शनिवारी दुपारी पाच फॅमिल्या जेवायला येणार आहेत. तिचा हेतू चांगला होता. पण विषय बदलायला निघालेली बाई आगीत तेल कसं ओतते, याचं हे उत्तम उदाहरण होय. कारण आत्माराम ताडकन उठले, हात धुवायला म्हणून बेसिनकडे निघाले आणि वाटेतच वळून म्हणाले, "शनिवारचा मासा मी आणणार. स्वतः धरून. तुम्ही बाजारातून काही आणायचं नाही."

"बाबा, पंधरा जण आहेत," संध्या म्हणाली.

"पंधरा जणांचा मासा आणणार."

"आजोबा, दॅट्स सो क्रुएल," दहा वर्षांची शिवानी म्हणाली आणि तिनं चौथा चिकन नगेट सॉसमध्ये बुडवला.

तोंडातून शब्द गेला, त्याला साक्षीदार व्याही. आता माघार नव्हती.

सोमवारी सकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या साजिदाबी दही विरजायला विरजण मागायला आल्या. त्या दापोलीच्या. तीस वर्षं इथं राहूनही बोलणं दापोलीचंच. त्यांनी गरीचं ऐकलं आणि गालावर बोट ठेवलं. "काका, इथं अशी कुठंही गरी टाकायची नाय हां. लायसन लागतं. आमच्या ह्यांच्या चुलतभावाला हटकलं होतं."

मंगळवारी लिफ्टमध्ये बाराव्या मजल्यावरचा अनिल भेटला. हा एका कंपनीत कागदपत्रांची कामं करायचा, त्यामुळे या देशात काय चालतं आणि काय चालत नाही हे बिल्डिंगला तोच सांगायचा. "लायसन? काका, काही लागत नाही! मी इथे बारा वर्षं आहे. बिनधास्त जा. कोणी विचारलंच तर नुसतं 'हबीबी' म्हणायचं." बाराव्या मजल्यावर तो उतरला. दार बंद होता होता पाय मध्ये घालून म्हणाला, "म्हणजे लागतही असेल. पण शारजाचं वेगळं, दुबईचं वेगळं, अजमानचं वेगळं. तुम्ही कुठे उभे राहता त्यावर आहे."

आत्मारामांना हे पटेना. गॅलरीतून खाली बघितलं की रस्त्याच्या अलीकडे शारजा आणि पलीकडे दुबई. एकच ऊन, एकच ट्रॅफिक जॅम. माशानं काय करायचं? तोंडवळीच्या खाडीला दोन काठ होते आणि दोन काठांना दोन ग्रामपंचायती होत्या, पण त्यांनी कधी मास्तरांना गरी कुठल्या हद्दीत आहे हे विचारलं नव्हतं.

तरीही परवाना काढायचा हे त्यांनी ठरवलं. चौतीस वर्षं सरकारी शिक्के मारलेला माणूस बिनशिक्क्याचं काम करत नाही. यतीन म्हणाला, "बाबा, ॲपवर होतं, मी ऑफिसमधून करतो." आत्माराम म्हणाले, "ॲप नको. जिथं माणूस बसलेला असेल तिथं सांग."

माणूस बसलेला असतो तो टायपिंग सेंटरमध्ये. बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत एक होतं. काउंटरवर नौशीन नावाची हैदराबादची मुलगी, समोर दोन मॉनिटर, बाजूला चहाचा कागदी कप, आणि मागे रांगेत सहा जण. आत्माराम इस्त्रीचा शर्ट घालून गेले. बरोबर बाबाजीराव. "म्या नुसता बघाया येतो," असं ते म्हणाले होते, पण व्याह्याची फजिती बघण्याची संधी कोण सोडतं?

"चाचा, फिशिंग का? शौक है या धंदा?" नौशीननं विचारलं.

आता 'शौक' हा शब्द आत्मारामांना जरा हलका वाटला. शौक पत्त्यांचा असतो, तमाशाचा असतो. ते ताठ होऊन म्हणाले, "खानदानी है. मेरे आजोबा से."

नौशीननं टकटक केलं. "बोट?"

"है ना," आत्मारामांचा चेहरा खुलला. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणी होडीची चौकशी केली होती. "सातेरी प्रसाद. अठरा हात लांबी. फणसाच्या लाकडाची." फणसाला हिंदीत काय म्हणतात यावर रांगेतल्या एका केरळी माणसानं मदत केली. बाबाजीरावांनी मध्येच "लई जुनी हाय" असं सांगून व्याह्यांना अडचणीत आणण्याचा प्रयत्न केला, पण नौशीनला मराठी येत नव्हतं.

बुधवारी सकाळी आत्मारामांना फोन आला. पलीकडचा माणूस अत्यंत अदबीनं इंग्रजीत बोलत होता. आत्मारामांनी फोन संध्याकडे दिला. संध्या ऑफिसला निघाली होती, एका पायात सँडल. ती ऐकत गेली आणि तिचे डोळे मोठे होत गेले.

"बाबा, ते विचारतायत, तुमची कमर्शियल बोट तपासणीला कुठल्या जेट्टीवर आणताय?"

"माझी?"

"फणसाच्या लाकडाची. अठरा हात."

"ती तोंडवळीला आहे! अंगणात पालथी घातलेली. खाली कोंबड्या बसतात."

हे वाक्य इंग्रजीत कसं सांगावं यावर संध्यानं क्षणभर विचार केला आणि कोंबड्या गाळून सांगितलं. पलीकडच्या माणसाला हसू आवरेना. दुपारी आत्माराम पुन्हा टायपिंग सेंटरला गेले. नौशीननं डोक्याला हात लावला. "चाचा! तुम बोले ना खानदानी! यल्ला, नया फॉर्म करते." या वेळी तिनं 'शौक'वर टिचकी मारण्याआधी स्क्रीन फिरवून त्यांना दाखवली आणि आत्मारामांनी मन घट्ट करून मान हलवली. माणसाचा अपमान किती छोट्या चौकोनात मावतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

गुरुवारी संध्याकाळी परवाना मोबाईलवर आला. आत्मारामांनी त्याची प्रिंट काढली, तिला प्लॅस्टिकचं आवरण चढवून घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांना दिसेल अशी, मिठाच्या बरणीला टेकवून ठेवली.

"माझं नाव कुठाय हितं?" बाबाजीरावांनी विचारलं.

"तुम्ही व्हिजिटवर. तुम्ही गरी धरायची नाही. फक्त बघायचं."

"मंग म्या हाका घालतो," बाबाजीराव म्हणाले. आत्मारामांना वाटलं, चेष्टा करतायत. तिथंच चुकलं.

शुक्रवारी गळाची काठी आणायला गेले. मॉलमधला विक्रेता काठ्यांविषयी इतकं बोलला की आत्मारामांना वाटलं हा काठ्या विकत नसून त्यांची स्थळं सुचवतोय. शेवटी एक घेतली. "एकशे वीस दिरहम. म्हणजे पावणेतीन हजार," बाबाजीराव मोठ्यानं म्हणाले, "एवढ्यात आमच्याकडं बकरं..." आणि व्याह्यांचा चेहरा बघून पुढचं गिळलं.

शनिवारी पहाटे सहाला यतीननं दोघांना गाडीत घातलं. आत्माराम पांढऱ्या टोपीत, काठी, बादली आणि कोळंबीचं आमिष घेऊन. बाबाजीराव नखशिखांत खाकी. अर्ध्या रस्त्यात त्यांनी नाक वर करून वास घेतला.

"पाव्हणं, साबन लावलाय व्हय?"

"आंघोळ केलीय."

"सत्यानास. जनावराला वास जातो."

"बाबाजीराव, मासा पाण्यात आहे."

"असूदे की. साबन कशात विरघळतो?"

आत्मारामांनी खिडकीची काच खाली केली.

यतीननं त्यांना शारजाच्या किनाऱ्यावर, समुद्रात गेलेल्या दगडी बांधापाशी सोडलं. "साडेदहाला इथेच येतो. इथेच थांबा, हलू नका. फोन चालू ठेवा," असं तीनदा सांगून तो गेला. फोन भिजू नये म्हणून आत्मारामांनी तो पिशवीत गुंडाळून बादलीत, आमिषाच्या डब्याखाली, सुरक्षित ठेवला.

समोर समुद्र होता. आत्मारामांनी छातीभर वारा घेतला. आठ महिन्यांनी खारा वास. मार्चचं मऊ ऊन. त्यांना वाटलं, आता इथं एखादा धोंडा बघावा आणि बसावं. पण बांधावर धोंडे होते तेवढीच माणसं होती. फिलिपिनो, बंगाली, केरळी, दोन इजिप्तचे, एक म्हातारा पठाण. प्रत्येकाची बादली, प्रत्येकाचं स्टूल. आत्माराम एका रिकाम्या दगडावर उभे राहिले, तोच शेजारचा बंगाली माणूस नम्रपणे म्हणाला, "दादा, ये रफीक भाई का जगा. ओ नमाज पढ़के आता है." पुढच्या दगडावर गेले तर तो कुणा जोसेफचा निघाला. न लिहिलेला सातबारा होता तो सगळा, आणि त्यावर आत्मारामांचं नाव कुठंच नव्हतं. मास्तरांच्या धोंड्याचा मालक त्या दिवशी चार दगडांवरून अतिक्रमण म्हणून उठला.

शेवटी पठाणानं सरकून जागा दिली. गरी पडली. आणि बरोबर तेव्हाच, वीस हात पलीकडून, "हाऽऽऽ हुर्रर्र! हाऽऽऽ!" अशी आरोळी उठली.

बाबाजीराव दगडावर उभे राहून पाण्यात खडे मारत होते. डाव्या अंगाहून उजव्या अंगाला, शिस्तीत, रानात डुक्कर हाकलावं तसे. आरोळ्या, टाळ्या आणि मध्ये मध्ये शिट्टी. आत्मारामांना कळायच्या आत सगळा बांध उठून उभा राहिला. सहा भाषांत एकच गोष्ट बोलली गेली. रफीक भाई, जे नुकतेच नमाज पढून आले होते, ते अल्लाचं नाव घेऊन मटकन बसले.

"बाबाजीराव! काय करताय!"

"तुमच्याकडं हाकलतोय की!" बाबाजीराव आनंदानं ओरडले.

पठाणानं दोन्ही हात जोडले आणि किनाऱ्याकडे बोट दाखवलं. "चाचा, खलास. उधर जाओ. बहुत दूर जाओ."

दोघे निघाले. बादली, काठी, अपमान. पन्नास पावलं गेले की आत्माराम थांबायचे, आणि मागून बांधावरची माणसं हातानं 'आणखी पुढे' अशी खूण करायची. असे ते किती चालले याचा हिशेब राहिला नाही. वाळू संपली, दगड आले, एक दिव्याचा खांब गेला, आणखी एक छोटा बांध लागला. तिथं कुणीच नव्हतं. पाणी हिरवं, खोल, स्थिर. आत्मारामांनी पाण्याकडे एकदा बघितलं आणि त्यांचं मन म्हणालं, इथं आहे.

पण तासभर काहीच नव्हतं. मग बोटाएवढा एक मासा लागला. तो आत्मारामांनी दगडावर ठेवला आणि एका मांजरानं नेला. मग एक शेवाळ. मग पुन्हा शेवाळ. साडेनऊ झाले. बाबाजीराव, जे आता बोलणं टाकून चपला काढून पायरीसारख्या दगडावर बसले होते, ते हळूच म्हणाले, "वाटंत मासळीबाजार हाय न्हवं?"

आत्मारामांनी आमिष बदललं. त्यांच्या डोळ्यांसमोर पंधरा ताटं होती.

"अस्सलाम अलैकुम."

मागे एक गाडी उभी होती, वर दिवे असलेली. त्यातून एक अधिकारी उतरला होता. साठीला आलेला, पांढरी आखूड दाढी, गणवेश, आणि आखाती बुजुर्गांना येते तशी तोडकीमोडकी हिंदी. "मछली पकड़ता? कागद है?"

आत्मारामांच्या आयुष्यात यासारखा क्षण विरळा. त्यांनी शर्टाच्या खिशातून परवाना काढला. प्लॅस्टिकवर बोट फिरवून पुसला. दोन्ही हातांनी दिला.

अधिकाऱ्यानं वाचला. उलटून बघितला. "ये शारजा का."

"जी. पक्का."

"तुम अजमान में खड़ा है."

आत्मारामांनी पायाखाली बघितलं. दगड दगडासारखा होता. "कबसे?"

अधिकाऱ्यानं मागच्या दिव्याच्या खांबाकडे बोट केलं. "उधर से."

आत्मारामांना पोस्टमास्तर म्हणून लगेच कळलं: पिनकोड बदलला होता. चुकीच्या पत्त्यावर ते स्वतः डिलिव्हर झाले होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चौतीस वर्षांत एक रजिस्टर पत्र चुकीच्या दारी गेलं नव्हतं, आणि आता परमुलुखात, व्याह्यांसमोर, गणवेशातल्या माणसानं त्यांना हद्द दाखवावी! ते "सॉरी सर, मालूम नहीं था" असं म्हणायला तोंड उघडणार, तोच काठी वाकली.

नुसती वाकली नाही. टोक पाण्याला टेकलं. रीळ किंचाळायला लागलं.

आत्मारामांनी अधिकाऱ्याकडे बघितलं. अधिकाऱ्यानं काठीकडे बघितलं. कायद्यात अशा वेळी काय करावं हे बहुधा लिहिलेलं नसावं.

"पहले मछली," अधिकारी म्हणाला, आणि परवाना त्यानं स्वतःच्या खिशात टाकला. "ढीला छोड़ो! छोड़ो! अब खींचो!"

"खींचता है!" आत्माराम ओरडले.

"माग सोडू नगा पाव्हणं!" बाबाजीराव अनवाणीच धावत आले. "दमवा त्याला! दमवा!"

दहा मिनिटं तीन म्हातारे एका माशाशी झुंजले. आत्मारामांची टोपी गेली. गुडघे दुखायचं विसरले. शेवटी पाण्यात एक लांबट, चंदेरी-करडं अंग पलटलं आणि आत्मारामांनी वाकून, गालफडात बोट घालून, ते वर घेतलं. शेरी. इथल्या बाजारात नाव ऐकलेली, बर्फात पडलेली बघितलेली. अडीच किलोला कमी नाही. जिवंत, थडथडणारी, उन्हात लखलखणारी. पंधरा ताटं भरली असती.

"ह्यो मातूर मासा हाय," बाबाजीराव पुटपुटले.

आत्मारामांनी माशाच्या पोटावरून हात फिरवला. आणि हात तिथंच थांबला. पोट टच्च होतं. बोटाखाली गाभोळी लागत होती, दोन्ही बाजूंना, काठोकाठ.

त्यांनी एकदा बाबाजीरावांकडे बघितलं. एकदा बादलीकडे. मग कुणाशी न बोलता खाली बसले, गळ अलगद सोडवला, आणि मासा पाण्यात धरून ठेवला. शेरीनं दोन-तीनदा कल्ले उघडले. हातातून निसटल्याचं कळलंसुद्धा नाही. फक्त हिरव्या पाण्यात एक सावली खाली गेली.

अधिकारी बराच वेळ पाण्याकडे बघत होता. "ये महीना शेरी बंद है," तो म्हणाला. "तुमको मालूम था?"

"नहीं साहब. लेकिन पेट में अंडा था."

अधिकाऱ्यानं खिशातून परवाना काढला आणि परत दिला. "मेरा बाप भी ऐसा छोड़ता था," एवढंच म्हणाला. मग जरा कडक होऊन, "लेकिन आगे से खंबा के उधर."

इथं सगळं गोड झालं असतं. पण बाबाजीराव सावली कुठं गेली हे बघायला पुढे सरसावले. शेवाळावर अनवाणी पाय. पुढचं सांगायला नको. ते समुद्रात पडले नाहीत, कारण अधिकाऱ्यानं त्यांना पट्ट्याला धरून मागे ओढलं, पण घोटा मुरगळला. उभं राहता येईना. तेव्हा अबू सईद, असं त्या भल्या माणसाचं नाव होतं, त्यानं त्यांना स्वतः धरून गाडीत बसवलं, आत्मारामांना पुढे घेतलं आणि म्हणाला, "इन्शाल्ला, घर छोड़ता."

या गडबडीत बादली बांधावर राहिली. बादलीत फोन. बादलीशेजारी बाबाजीरावांच्या चपला.

आता यतीनची बाजू. साडेदहाला तो ठरलेल्या जागी आला. दोघेही व्याही नाहीत. फोन लागतोय, उचलत नाहीत. बांधावर चौकशी केली तर एक पठाण 'बहुत दूर' असं म्हणून समुद्राकडे बोट करतोय. यतीन किनाऱ्यानं पळत सुटला. आणि छोट्या बांधाच्या टोकाला त्याला दिसलं ते असं: एक बादली, तीत वाजणारा फोन, शेजारी चपलांचा जोड, आणि पाण्यावर तरंगणारी पांढरी टोपी.

त्यानं संध्याला फोन केला, पण त्याला नीट बोलता येईना.

त्याच सुमारास अनिल गॅलरीत चहा पीत उभा होता. त्याला दिसलं की खाली सरकारी गाडी थांबली, आणि तोंडवळकर काका व त्यांच्या व्याह्यांना गणवेशातला माणूस दंडाला धरून उतरवतोय. बिल्डिंगच्या मराठी ग्रुपवर त्यानं संयम राखून एवढंच लिहिलं: 'तोंडवळकर काकांना पकडलं. मी बोललो होतो.' बरोबर त्याच मिनिटाला संध्यानं, जी वडिलांना आप्पा म्हणायची, लिहिलं: 'बाबा आणि आप्पा समुद्रात. प्लीज प्रे.' दोन मेसेज एकाखाली एक पडले, आणि लोकांनी ते आपापल्या सोयीनं जोडले. कुणी म्हणालं, पळून जाताना उडी मारली. कुणी म्हणालं, दोघांना आजच परत पाठवणार. अनिलनं लिहिलं की त्याच्या ओळखीचा वकील आहे.

लिफ्टचं दार चौदाव्या मजल्यावर उघडलं तेव्हा संध्या पर्स घेऊन बाहेर पडत होती. समोर अबू सईद, त्यांच्या एका खांद्यावर आप्पा, आणि मागे, काठी उभी धरलेले, टोपी नसलेले सासरे. तिनं आधी वडिलांना मिठी मारली, मग सासऱ्यांना, आणि चुकून अबू सईद यांनाही मारायला निघाली, ती ऐन वेळी हात जोडून थांबली.

अबू सईद यांनी घाईत दोन खजूर खाल्ले, अर्धा कप चहा घेतला आणि निघाले. जाताना आत्मारामांना म्हणाले, "शारजा साइड में अच्छा जगह दिखाएगा. अगला हफ्ता."

यतीनला फोन गेला, पण ग्रुपवर खुलासा करायचं या धांदलीत कुणालाच सुचलं नाही. एक वाजता पाहुणे आले. पाची फॅमिल्या, पण जेवायला यावं तशा नाही. पुरुषांचे चेहरे पडलेले, बायकांच्या हातात डबे. संकटातल्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये, म्हणून कुणी पुलाव आणलेला, कुणी पोळ्या, कुणी नुसता वरणभात, कारण अशा प्रसंगी तोच बरा. साजिदाबी दोन्ही हातांनी पातेलं धरून समोरून आल्या. "खाडीतल्या कोळंबीचं कालवण नाय, बाजारच्या हाय," त्या दारातूनच म्हणाल्या, "पण काका जिवंत हायत ना, मग खाताल गुमान." अनिल फाइल घेऊन आला होता. सगळे आत येऊन बघतात तो, बाबाजीराव सोफ्यावर पाय वर करून बसलेले, घोट्यावर गोठलेल्या मटारची पिशवी, आणि आत्माराम पंखा चालू करायचा की नाही या विचारात उभे.

सुटकेचा निःश्वास सोडून झाल्यावर लोकांना भूक लागली. ताटं वाढली गेली. कालवण होतं, पुलाव होता, कोंबडी होती. मग कुणीतरी, अगदी सहज, विचारलं, "काका, मासा?"

संध्यानं डाव सावरायला तोंड उघडलं, पण आत्मारामांनी तिला हातानं थांबवलं.

"मासा मिळाला होता," ते म्हणाले. "सोडला."

कुणीतरी खोकलं. अनिलनं यतीनकडे बघून डोळा बारीक केला. प्रत्येक गळवाल्याचा सर्वांत मोठा मासा हा सुटलेलाच असतो, हे सगळ्यांना माहीत होतं. आत्मारामांनाही माहीत होतं. गणवेशातल्या माणसासमोर झाली नव्हती तेवढी फजिती त्यांना आता वाटली. ते ताटाकडे बघत राहिले.

"सुटला न्हाय. सोडला," सोफ्यावरून आवाज आला. मटारची पिशवी खाली पडली. "म्या हुतो तितं. अडीच किलो. तीन म्हनलं तरी चालंल. गाभन हुती. ह्यास्नी एकदा बी इचार करावा लागला न्हाय. बादली रिकामी, घरला पंधरा पाव्हणं, दारात म्या बसलेला नावं ठेवायला, न् हातातली शिकार सोडली ह्या मानसानं." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "आमच्या टोळीत बंदुका लई हुत्या. असं हात एकाचं बी न्हवतं. कुनाला हसायचं असंल तर आता हसा, म्हंजी मला बघून ठेवता यील."

कुणी हसलं नाही. अनिलनं फाइल खुर्चीखाली सरकवली. संध्या स्वयंपाकघरात गेली ती साजिदाबींच्या पातेल्यातली सगळ्यात मोठी कोळंबी वाटीत घेऊन आली आणि सासऱ्यांच्या पानात वाढली. "गरम आहे, बाबा," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी बाबाजीराव व्याह्यांबरोबर बांधावर लंगडत गेले, त्याच्या पुढच्या शनिवारी चालत. आरोळ्या बंद झाल्या. रफीक भाई त्यांना दुरून सलाम करू लागले. मध्ये एकदा टायपिंग सेंटरला जाऊन बाबाजीराव एकटेच काहीतरी कागद करून आले, पण काय ते कुणाला सांगितलं नाही.

व्हिजा संपायला चार दिवस राहिले होते, तेव्हा आत्मारामांनी ऐकलं. बाबाजीराव गॅलरीत उभे राहून गावी बायकोशी बोलत होते. फोन स्पीकरवर, कारण पाटणपर्यंत आवाज जायचा तर मोठ्यानं बोलावं लागतं अशी त्यांची समजूत.

"आणखी म्हैनाभर वाढवून घेतलाय," ते म्हणाले.

"म्हैनाभर?" पलीकडून बाईचा आवाज. "लेक आजारी हाय का?"

"न्हाय. बरी हाय."

"मंग? म्हशी येकल्या म्या बघू? तितं काय ठिवलंय तुमचं? मासं तर तुमी खात बी न्हाई, वासानं उठून जाता!"

"खातंय कोन."

"मंग करता काय दर शनवारी तितं जाऊन?"

बाबाजीरावांनी कठड्यावरून वाकून बघितलं. खाली रस्त्यावर गाड्या खोळंबलेल्या होत्या, अलीकडच्याही आणि पलीकडच्याही.

"हुबा ऱ्हातो," ते म्हणाले. "पाव्हण्यांसंगं. पान्याकडं बघत."

पलीकडे एक म्हैस हंबरली. मग बाई म्हणाली, "बरं. औशिदं घ्या," आणि फोन ठेवला.

आत सोफ्यावर बसलेल्या आत्मारामांनी पेपरचं पान उलटलं. ते पान त्यांनी अजून वाचलेलं नव्हतं.